तीननं भागलेली बेरीज

जून लागला की आमच्याकडं दोन गोष्टी एकदमच मोजल्या जातात. घरातलं बियाणं आणि घरातली मुलं. ओसरीत ओल्या गोणपाटात सोयाबीनचे शंभर शंभर दाणे गुंडाळून ठेवलेले असतात, आणि त्याच ओसरीत कुणीतरी मोबाइल डोळ्यांजवळ धरून सीईटीचा निकाल उघडण्याची वाट बघत असतं. ओल्या तागाचा आंबूस वास ओसरीभर असतो. लोकांना त्या वासानं पेरणी आठवते. मला एक बेरीज आठवते.

परवा शेजारचा भानुदास आला. त्याच्या कोमलचा निकाल लागला होता. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, त्यामुळं आकडे असलेला कुठलाही कागद गावात आधी माझ्याकडं येतो, मग तो विजेच्या बिलाचा असो की रक्ताच्या तपासणीचा. भानुदासनं मोबाइल माझ्यापुढं धरला आणि विचारलं, "सर, ह्ये तिनी मिळून किती धरायचं? का आपलं तीननं भागायचं?"

माझा हात खिशातल्या पेनाकडं गेला होता. तो तिथंच राहिला. मी त्याला म्हणालो, "भागायचं नाही. खाली एकूण लिहिलंय, तेच धरायचं." एवढं एक वाक्य. सहा वर्षांपूर्वी हेच वाक्य माझ्या तोंडून निघालं असतं तर आज मी हे लिहीत बसलो नसतो.

आमच्या घरात तेव्हा दोन मुली एकाच वर्षी बारावीला होत्या. माझी ऋतुजा आणि माझ्या थोरल्या भावाची अश्विनी. दोघींच्या जन्मात तीन महिन्यांचं अंतर. एकाच ताटात जेवत, एकाच सायकलवर तामलवाडीपर्यंत जात आणि तिथून एकाच एसटीनं कॉलेजला. अभ्यासाला बसल्या की ऋतुजा भिंतीला टेकून, पाय पसरून, मोठ्यानं वाचायची. अश्विनी पालथी पडून गणितं सोडवायची. तिला वही लागायची नाही. ज्वारीच्या पिठाची कागदी पिशवी, लग्नपत्रिकेची मागची बाजू, काहीही चालायचं. तिची गणितं घरभर पडलेली असत. एकदा चुलीपुढं विस्तव पेटवायला घेतलेला कागद वहिनींनी परत विझवला, कारण त्यावर लेकीचं अर्धं राहिलेलं गणित होतं. राखेनं काळी झालेली ती कड अश्विनीनं फाडून टाकली आणि राहिलेल्या कागदावर उत्तर काढलं.

दादा, अश्विनीचा बाप, त्याच्या दोन वर्षं आधी गेला. आजार लांबला होता, त्यामुळं बोलायला वेळ मिळाला. दवाखान्यात एका दुपारी तो मला म्हणाला होता, "पोरीत दुजाभाव करू नको म्हनत न्हाय मी तुला. तू करनार न्हाईस. पन चुकून झाला तर लगीच दुरुस्त कर." मी त्याचा हात धरून व्हय म्हणालो. दादाला माझ्यापेक्षा माणसं जास्त कळायची, हे मला फार उशिरा उमगलं.

दोघींनाही इंजिनिअरिंगला जायचं होतं. एकाच वर्षी दोन मुलींना पुण्याला ठेवणं घराला झेपणारं नव्हतं, हे न बोलताच सगळ्यांना माहीत होतं. तेव्हा मीच एक नियम केला. परीक्षेच्या आधी, जेवणाच्या वेळी, सगळ्यांच्या देखत मी म्हणालो की जिचा सीईटीचा निकाल वरचा येईल ती पुण्याला जाईल, दुसरी तुळजापूरला बीएस्सी करेल आणि पुढचं पुढं बघू. हे बोलताना मला स्वतःचा अभिमान वाटला होता, ते आजही आठवतं. वहिनी ताटात भाकरी वाढता वाढता म्हणाल्या, "माझी जावो न्हायतर तुमची. आकड्याम्होरं कुनाचं चालतंय." माझी बायको सुनंदानं आमटी वाढायला घेतली. दोघी पोरी एकमेकींकडं बघून हसल्या.

परीक्षा सोलापूरला झाली. मीच दोघींना घेऊन गेलो होतो. बाहेर लिंबाच्या सावलीत बसलो, तिथं आणखी पन्नास बाप बसले होते आणि सगळे एकमेकांना विचारत होते की पर्सेंटाइल म्हणजे टक्केच ना. मी मास्तर असल्यामुळं मला विचारत होते. मी व्हय म्हणून सांगत होतो.

निकाल संध्याकाळी लागला. ऋतुजाचा आधी उघडला. भौतिकशास्त्र ब्याण्णव, रसायनशास्त्र एक्क्याण्णव, गणित नव्वद. दशांश चिन्हापुढचे आकडे मी सोडून देतो. ते मला पाठ आहेत, पण इथं त्यांचं काम नाही. खाली एकूण ब्याण्णव. मग अश्विनीचा उघडला. भौतिकशास्त्र शहाऐंशी, रसायनशास्त्र त्र्याऐंशी, गणित नव्व्याण्णव. एकूण पंच्याण्णव.

कुणाही शहाण्या माणसानं शेवटची ओळ वाचली असती आणि अश्विनीच्या पाठीवर हात ठेवला असता. पण मी वीस वर्षं निकालपत्रकं केलेला माणूस. मार्च-एप्रिलमध्ये आमच्या हाताला दुसरं काम नसतं. विषयांचे गुण लिहायचे, बेरीज करायची, विषयांच्या संख्येनं भागायचं. छापील बेरीज आणि आपली बेरीज जुळली नाही तर लाल पेनानं छापील खोडायची, कारण चूक नेहमी बेरजेत असते, गुणांत नसते. हे मला माझ्या पहिल्या मुख्याध्यापकांनी शिकवलं होतं आणि मी ते पुढं पाच तरुण शिक्षकांना शिकवलं होतं.

मी पेन काढलं. ऋतुजाचे तीन आकडे मिळवले, तीननं भागले, एक्क्याण्णव आले. छापील ब्याण्णव. जवळपास जुळलं. अश्विनीचे मिळवले, तीननं भागले, एकोणनव्वद आले. छापील पंच्याण्णव. जुळत नव्हतं. मी पुन्हा केलं. पुन्हा एकोणनव्वद.

मी सावकाश म्हणालो, "हिच्या एकूणमध्ये घोटाळा आहे. दुरुस्त होऊन येईल."

अश्विनी माझ्या डाव्या हाताला उभी होती. ती हळू आवाजात म्हणाली, "काका, गणिताला दोन दोन मार्क असत्यात. बाकीच्यांना एकेक."

ते खरंच होतं. भौतिक आणि रसायन पन्नास पन्नास गुणांचे आणि गणित एकटं शंभराचं. तिचं जे बळ होतं तेच त्या परीक्षेत दुप्पट मोजलं जात होतं. पण माझ्याकडं उत्तर तयार होतं, आणि ते उत्तर ऐकायला इतकं बरोबर वाटत होतं की आजही मला त्याची लाज वाटते. मी म्हणालो, "ते मार्कांना, बाळा. हे पर्सेंटाइल आहे. तिन्ही शंभरातलेच आहेत की नाही? मग तिन्हींचं वजन सारखं."

तिनं कागदाकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मास्तर काका. पाढे ज्यानं शिकवले तो काका. ती म्हणाली, "व्हय."

मोबाइल हातात होता. कुणालाही फोन करून विचारता आलं असतं. विचारावंसं वाटलं नाही. उत्तर आपल्या बाजूचं आलं की माणूस ताळा करत नाही, हे मी मुलांना फळ्यावर कधी शिकवलं नाही. ते पुस्तकात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी गोणपाटं उलगडली. आमच्याकडं घरचं बियाणं पेरतात, तेव्हा उगवण आधी तपासावी लागते. प्रत्येक पोत्यातले शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवायचे, रोज पाणी शिंपडायचं आणि पाचव्या दिवशी मोड आलेले मोजायचे. मोजायचं काम माझं. दादा असतानाही माझंच होतं. मी आकडा सांगायचा आणि वहिनींनी तो लक्षात ठेवायचा. त्यांना लिहिता येत नाही, पण त्यांच्या डोक्यातला आकडा वर्षभर हलत नाही. त्या वर्षी दोन लहान चुंगडी होती आणि एक मोठं पोतं. एका चुंगड्याचे सत्तर मोड निघाले, दुसऱ्याचे शहात्तर, मोठ्या पोत्याचे ब्याण्णव.

वहिनींनी विचारलं की मग सगळ्या रानात शंभरातलं किती उगवंल. मी सवयीनं तिन्ही मिळवून तीननं भागायला लागलो. त्या म्हणाल्या, "आवो भावजी, मोठ्या पोत्याचं रान जास्त न्हाय व्हय? दोनी चुंगडी मिळून जेवढं, तेवढं त्ये एकलं हाय."

मी हसलो. म्हणालो, वहिनी, तुम्ही शाळेत गेला असता तर माझी नोकरी तुम्हाला मिळाली असती. मोठ्या पोत्याचा आकडा दोनदा धरला, चारनं भागलं आणि त्यांना बरोबर उत्तर सांगितलं. त्याच ओसरीत. जिथं आदल्या संध्याकाळी बसलो होतो त्याच बाजेवर. दोन लहान, एक मोठं, आणि मोठ्यातलं बी सगळ्यात जोमदार. माझ्यासमोर याहून सोपं उदाहरण देवालाही मांडता आलं नसतं. तरी माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. की शिरत होतं आणि मी शिरू दिलं नाही, हे मी सहा वर्षं स्वतःला विचारतो आहे.

पण पुढं काय घडलं ते मला पक्कं माहीत आहे. ते कुणी विचारलं नाही म्हणून आजवर कुणाला सांगितलं नाही.

आठवड्यानं मी ऋतुजाला घेऊन कागदपत्रं तपासायला सोलापूरच्या केंद्रावर गेलो. टेबलामागं एक तरुण प्राध्यापक होता, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. काम झालं. उठता उठता मी सहज, केवळ आपलं शहाणपण दाखवायला, त्याला म्हणालो की आमच्या दुसऱ्या मुलीच्या एकूणमध्ये चूक झालीय, ती कुठं दुरुस्त होते. त्यानं आकडे विचारले. मी सांगितले. तो हसला नाही, याचे उपकार आहेत.

तो म्हणाला, "सर, चूक नाही. तीन रांगांत तुम्ही कुठं उभे आहात, त्याची सरासरी काढून चौथ्या रांगेतली जागा कळत नाही. आधी तिन्ही विषयांचे गुण एकत्र होतात, दोनशेपैकी. त्यात गणिताचे शंभर. मग त्या एकूण गुणांवर सगळ्यांची रांग नव्यानं लागते. त्या मुलीचं पंच्याण्णव बरोबर आहे. तिला घेऊन या, नोंदणीला अजून चार दिवस आहेत."

मी बरं म्हणालो. त्याला धन्यवादही दिले.

ऋतुजा दाराशी उभी राहून एका मैत्रिणीशी बोलत होती. तिनं काही ऐकलं नाही. एसटीत ती खिडकीशी बसली, केस उडत होते, आणि ती मला वसतिगृहाच्या खोलीत काय काय न्यायचं ते सांगत होती. बादली, कुलूप, आरसा. मी हूं हूं करत होतो. पाठीमागच्या सीटवर कुणाच्यातरी पिशवीत कैऱ्या होत्या, त्यांचा वास येत होता. तामलवाडी येईपर्यंत मी सगळं ठरवलं होतं. घरी गेल्या गेल्या सांगायचं. माझी बेरीज चुकली, उद्या अश्विनीला घेऊन जातो, असं सगळ्यांच्या देखत म्हणायचं. मी वाक्यसुद्धा जुळवलं होतं.

घरी आलो तेव्हा अश्विनी ओसरीत बसून आपल्या अंथरुणातली गोधडी उसवत होती. ती गोधडी दादाच्या धोतराची होती. तिला नवं अस्तर लावून ती ऋतुजाला पुण्याला न्यायला देणार होती. तोंडात दोरा धरून तिनं विचारलं, "झालं का काम, काका?"

मी म्हणालो, "झालं."

चार दिवस होते. पहिल्या दिवशी मी स्वतःला सांगितलं की ऋतुजाचं मन मोडेल. ते खरंच होतं. दुसऱ्या दिवशी सांगितलं की बापाविना पोर, एवढ्या लांब कशी राहील. तिसऱ्या दिवशी सांगितलं की गावात आता सगळ्यांना कळलंय, मास्तराची बेरीज चुकली म्हटलं तर काय राहील. हे तिसरं कारण सगळ्यात हलकं होतं आणि मला वाटतं तेच सगळ्यात जड ठरलं. चौथ्या दिवशी काहीच सांगावं लागलं नाही. चौथ्या दिवशी मी रानात गेलो आणि संध्याकाळपर्यंत बांधावरचं गवत काढत बसलो. त्या गवताची कुणाला अडचण नव्हती.

ऋतुजा पुण्याला गेली. शिकली, नोकरीला लागली. ती कष्टाळू आहे आणि तिचं यश खोटं नाही. ते तिचंच आहे. फक्त तिनं फोनवर प्रमोशनची बातमी सांगितली की मी आनंदानं हसतो आणि फोन ठेवल्यावर मला ओल्या तागाचा वास येतो.

अश्विनी तीन वर्षं तुळजापूरच्या एसटीनं गेली आली. सकाळी शाळेला निघताना ती मला फाट्यावर दिसायची. गाडी भरलेली असली की ती दप्तर आधी खिडकीतून आत टाकायची आणि मग दारातल्या गर्दीत शिरायची. "काका, उशीर होतोय तुम्हाला, जावा," म्हणायची. बीएस्सीला कॉलेजात पहिली आली, तेव्हा मी पेढे वाटले. वहिनी म्हणाल्या की दादा असता तर नाचला असता. पुढं तिचं लग्न उमरग्याला झालं. माणसं चांगली आहेत. नवऱ्याचं बसस्थानकासमोर झेरॉक्सचं दुकान होतं. हिनं तिथं कॉम्प्युटर आणला, आणि आता त्या बाजूच्या कितीतरी गावांतली मुलं प्रवेशाचे अर्ज भरायला तिच्याकडंच येतात. म्हणतात की तिनं भरलेला अर्ज परत येत नाही.

म्हणून भानुदासला मी म्हणालो की कोमलचा अर्ज जवळ कुठं नको, आपण उमरग्याला अश्विनीकडं भरू. तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा, दोनदा गाडी बदलायची. एवढं लांब कशाला, असं त्यानं विचारलं नाही. मास्तर म्हणतात म्हणजे बरोबरच असणार. मला त्याच्या त्या विश्वासाची भीती वाटली.

दुकान अरुंद आहे. आत झेरॉक्सच्या तापलेल्या शाईचा आणि लॅमिनेशनच्या प्लास्टिकचा वास. बाकावर चार मुलं आणि त्यांचे बाप. समोरच्या भिंतीवर, देवाच्या फोटोखाली, कार्डशीटवर अश्विनीच्या अक्षरात एक सूचना चिकटवलेली होती. "तीन विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी काढू नका. एकूण वेगळं असतं. तेच धरा." कागदाच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या. ती सूचना दोनेक वर्षं तरी तिथं असणार. मी एरवी दिवाळीला यायचो तेव्हा दुकान बंद असायचं.

अश्विनी उठली, पाया पडली, स्टुल दिलं. कोमलला शेजारी बसवून तिनं अर्ध्या तासात सगळं भरलं. मधेच तिनं भानुदासला सूचना दाखवली आणि हसून म्हणाली, "हा कागद काकांमुळं लावलाय बरं का. माझ्या सासरी मी सगळ्यांना सांगते, आमच्या काकांचं उभ्या जन्मात एकच गणित चुकलं, आन ते बी माझंच."

भानुदास हसला. बाकावरचा एक अनोळखी बापही हसला. मीही हसलो बहुतेक.

म्हणजे तिला माहीत होतं. मी चुकलो हे तिला कॉलेजच्या पहिल्याच वर्षात कळलं होतं, असं तिनं पुढं सांगितलं. प्रवेशाच्या गुणांचं तिथल्या बाईंनी समजावलं होतं. पण वेळ गेलेली होती, आणि काकांना वाईट वाटेल म्हणून ती कुणाला बोलली नव्हती. आईलासुद्धा वर्षभरानं सांगितलं आणि वर बजावलं की काकांपाशी विषय काढू नको. एवढी वर्षं मी ज्या दोघींपासून एक गोष्ट लपवत होतो, त्या दोघी मलाच सांभाळून घेत होत्या. त्यांनी माझी चूक घेतली होती, तिच्यावर हात फिरवला होता, तिचा एक विनोद करून घरात ठेवला होता. फक्त ती चूक होती ती पहिल्या आठवड्यापुरतीच.

मी गप्प बसलो असतो तर चाललं असतं. कोणाचंच काही अडत नव्हतं. तिच्या मनात मी एक साधा, चुकलेला माणूस होतो, आणि तसा राहायला मला किती आवडलं असतं हे मी सांगू शकत नाही. पण ती सूचना समोर होती. एकूण वेगळं असतं.

भानुदास आणि कोमल दाखल्याच्या प्रती घ्यायला बाहेरच्या मशीनपाशी गेले. बाकावरची माणसं आपापल्या मोबाइलमध्ये होती. मी स्टुल पुढं ओढलं आणि सांगितलं. सोलापूरचं केंद्र, दोऱ्यानं बांधलेली काडी, तो काय बोलला ते. गोधडी उसवत तू विचारलंस आणि मी झालं म्हणालो ते.

तिचा हात माउसवर होता. तो हलला नाही. पडद्यावर कुणाचातरी अर्धा अर्ज उघडा होता. बाहेर एक ट्रक हॉर्न वाजवत वळला.

तिनं विचारलं, "किती दिस ऱ्हायले व्हते?"

"चार."

ती पडद्याकडंच बघत म्हणाली, "आईला सांगितलं?"

"नाही."

"मग सांगा. मी न्हाय सांगनार. माझं मी आजवर सांगितलं, आता तुमचं तुमी सांगा." मग पहिल्यांदा तिनं माझ्याकडं पाहिलं. त्या संध्याकाळी कागदावरून नजर उचलून पाहिलं होतं तसंच, पण या वेळी तिला काही विचारायचं नव्हतं. "तेव्हा मला वाटलं व्हतं, माझंच कायतरी चुकत असंल. लई दिवस वाटत व्हतं, काका."

कोमल परत आली. अश्विनीनं तिला पावती दिली, पुढच्या तारखा समजावल्या, काय चुकवायचं नाही ते दोनदा सांगितलं. निघताना माझ्या पाया पडली. नेहमी ती रस्त्यापर्यंत येते. या वेळी पुढच्या मुलाला "ये, बस" म्हणाली.

वहिनींना मी त्याच संध्याकाळी सांगितलं. सुनंदाला हाक मारून तिच्याही देखत सांगितलं. सुनंदा पदर तोंडाशी धरून आत गेली. वहिनी ओसरीत भिंतीला टेकून बसल्या होत्या, पुढ्यात गोणपाटाच्या गुंडाळ्या. मी बोलत होतो तोवर त्या एका गुंडाळीवर पाणी शिंपडत राहिल्या. संपल्यावर एवढंच म्हणाल्या, "पोरीला सांगितलं का?" मी आधी तिलाच सांगितल्याचं म्हणालो. "बरं केलंत," म्हणाल्या आणि तांब्या घेऊन उठल्या.

रात्रीचं जेवण त्यांनी रोजच्यासारखंच वाढलं. मला राग हवा होता. तो ताटात आला नाही.

दुसरा दिवस मोड मोजायचा होता. सकाळी त्यांनीच मला हाक मारली. आम्ही समोरासमोर बसलो, मी गोणपाट उलगडलं. ओला वास वर आला. पांढरे, नाजूक, वाकडे मोड एकमेकांत गुंतले होते. मी एकेक दाणा उचलून बाजूला ठेवत मोजले. इतक्या वर्षांत मी कधी एवढं सावकाश मोजलं नव्हतं. मी म्हणालो, "एक्क्याण्णव, वहिनी."

त्यांनी मान हलवली. मग गोणपाट माझ्यापुढून ओढून स्वतःकडं घेतलं, मी बाजूला ठेवलेले सगळे दाणे पुन्हा त्यावर ओतले, पदर खोचला आणि एकपासून मोजायला सुरुवात केली.